गावच्या घरातल्या कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड कोणतं घ्यावं?

रानवारा
नमस्कार मंडळी.
आई-बाबा दापोलीजवळ गावी असतात, मी आणि भाऊ पुण्यात. घराला दोन वाय-फाय कॅमेरे लावायचं ठरलंय. एक पडवीत, फाटकाकडे तोंड करून. दुसरा मागच्या दारी, विहीर आणि गोठा दिसेल असा. दोन्ही १०८०पी, आणि रेकॉर्डिंग चोवीस तास हवं. कॅमेरे पसंत झाले, घोडं अडलंय मेमरी कार्डापाशी.

दुकानदार म्हणतो, १२८ जीबीचं साधं क्लास १० कार्ड टाका, मोबाइलमध्ये चालतं तसं इथेही चालेल. त्याच्याच शेजारी 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड टांगलेलं होतं, किंमत जवळपास दुप्पट. जास्तीचे पैसे खरंच कशासाठी मोजायचे? आणि किती जीबी पुरेल?

क्लाउडवर भिस्त ठेवता येत नाही, कारण तिकडचं इंटरनेट पावसाळ्यात रुसतं. वीजही दिवसातून कितीदातरी जाते-येते. बाबांना शिडीवर चढून कार्ड बदलायला लावायचं नाही, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा.

निवांत
हाय एन्ड्युरन्सच घ्या. पाकिटावरच्या वेगाच्या आकड्यांकडे बघूही नका.

सुपारी_फूल
मी वेगळं सांगते. आमच्या फ्लॅटच्या दाराबाहेर साधं ६४ जीबीचं कार्ड कितीतरी दिवस विनातक्रार चाललंय. हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं ठेवलंय. दूधवाला, पेपरवाला, कुरियर, शेजारची मुलं, एवढंच तर टिपायचं असतं. त्यासाठी दुप्पट पैसे का मोजावेत?

वायरमन
सुपारी_फूल ताई, तुमचं कार्ड टिकलंय याचं उत्तर तुम्हीच दिलंत: 'हालचाल झाली तरच'. रानवारांना चोवीस तास हवंय. तिथे गणित पार बदलतं.

मी सातारा भागात कॅमेरे बसवायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेमरी कार्डात नॅन्ड फ्लॅश ही माहिती साठवणारी चिप असते. तिच्या प्रत्येक पेशीत थोडा विद्युतभार कोंडून माहिती ठेवलेली असते. पेशी पुसून पुन्हा लिहायची तर जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि त्या भाराला अडवून धरणारा अतिशय पातळ थर दर वेळी थोडा झिजतो. झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पेशी भार धरून ठेवत नाही. वाचल्याने जवळजवळ काही बिघडत नाही, झीज होते ती पुसण्या-लिहिण्याने. मोबाइलमध्ये आपण फोटो एकदा ठेवतो आणि पुढे बघत बसतो. कॅमेरा कार्ड भरलं की सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं लिहितो, रात्रंदिवस.

आता पेशी कोणत्या जातीची, त्यावर आयुष्य ठरतं. एका पेशीत एकच बिट ठेवणारी एसएलसी लाखाच्या घरात पुसण्या-लिहिण्या सोसते. दोन बिटांची एमएलसी काही हजार, तीन बिटांची टीएलसी साधारण हजार ते तीन हजार. चार बिटांची क्यूएलसी त्याहून नाजूक. साध्या कार्डाच्या पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलंच नसतं. एन्ड्युरन्स कार्डाची कंपनी मात्र किती तास रेकॉर्डिंग चालेल याचा आकडा देते आणि त्यावर वॉरंटी देते. माझ्या मते दुप्पट किमतीतला मोठा वाटा या लेखी जबाबदारीचा आहे.

साध्या कार्डाच्या वॉरंटीच्या अटी शोधून वाचा. डॅशकॅम (गाडीतला कॅमेरा), पाळत कॅमेरा किंवा सलग रेकॉर्डिंगसाठी वापरलं तर वॉरंटी लागू नाही, असं कलम बऱ्याच ठिकाणी सापडेल.

अंकगणित
वायरमन, छान लिहिलंत. मी आकडे घालतो.

१०८०पी घरगुती कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट लिहितो असं धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला पाव एमबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार २१,६०० एमबी, म्हणजे रोज साडेएकवीस जीबीच्या वर.

या हिशोबाने ३२ जीबीत दीड दिवसही मावत नाही. ६४ जीबीत जेमतेम तीन दिवस, १२८ मध्ये सहा दिवसांच्या आत-बाहेर, २५६ मध्ये बारा दिवसांच्या आसपास. थोडी जागा फॉरमॅटमध्ये जाते, ती यातून वजा. कॅमेऱ्यात एच.२६५ हा व्हिडिओ दाबून साठवायचा पर्याय असेल तर तो निवडा, त्याच दर्जाचं चित्र बरंच कमी जागेत बसतं.

हाच हिशोब उलटा बघा. ३२ जीबीचं कार्ड वर्षात सुमारे २४६ वेळा भरतं, १२८ जीबीचं ६२ वेळा. रेकॉर्डिंग तेवढंच, पण मोठ्या कार्डात ते जास्त पेशींमध्ये वाटलं जातं, म्हणून झीज चौथ्या हिश्श्यावर येते. मोठं कार्ड नुसतं जास्त दिवस साठवत नाही, ते टिकतंही जास्त.

वेगाचं म्हणाल, तर क्लास १०, यू१ आणि व्ही१० ही तिन्ही चिन्हं एकच सांगतात: लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान १० एमबी. कॅमेऱ्याला लागतो पाव. चाळीसपट शिल्लक आहे. यू३ किंवा व्ही३० म्हणजे किमान ३० एमबी, त्यासाठी इथे एक रुपयाही जास्त देऊ नये. ए१, ए२ ही चिन्हं मोबाइलमध्ये कार्डावरून अॅप चालवण्यासाठी.

कोल्हापुरी_मिसळ
म्हणजे चिन्हांची एवढी जत्रा भरलीय आणि आपल्याला लागणारं चिन्ह त्यात न्हाईच म्हणायचं की ओ!

अंकगणित
@कोल्हापुरी_मिसळ, बरोबर पकडलंत. टिकाऊपणासाठी वेगाच्या वर्गासारखं सर्वमान्य चिन्ह नाही. कंपनीने दिलेले तासच बघावे लागतात.

सुपारी_फूल
अंकगणित, तुमच्याच आकड्यांवरून विचारते. १२८ जीबीचं साधं टीएलसी कार्ड हजार वेळा भरता येतं असं धरलं आणि वर्षात ते ६२ वेळा भरत असेल, तर सोळा वर्षं झाली की! मग एन्ड्युरन्स कशाला? तोवर कॅमेराच भंगारात जाईल.

वायरमन
ताई, प्रश्न रास्त आहे. कागदावर सोळा वर्षं येतात. भिंतीवर येत नाहीत, आणि त्याची कारणं आहेत.

फ्लॅशमध्ये लिहिता येतं पानापानाने, पण पुसावा लागतो आख्खा ब्लॉक, म्हणजे पानांचा गठ्ठाच. कॅमेरा व्हिडिओच्या छोट्या छोट्या फाइली करतो, शिवाय त्यांची यादी सतत बदलत राहतो. यादीतल्या एवढ्याशा बदलासाठी कार्डाला आतल्या आत बराच मजकूर हलवावा लागतो. म्हणून कॅमेरा १ जीबी देतो तेव्हा पेशींवर प्रत्यक्षात त्याहून जास्त लिहिलं जातं. किती जास्त, ते कंट्रोलरच्या, म्हणजे कार्डाचा आतला कारभार बघणाऱ्या चिपच्या हुशारीवर. स्वस्त कार्डात नेमकी तिथेच काटकसर असते.

दुसरं, वीज. लिहिणं चालू असताना पुरवठा तुटला तर फाइलींची यादी अर्धवट राहते. कधी कॅमेरा कार्ड ओळखतच नाही, कधी कार्ड कायमचं 'फक्त वाचा' होऊन बसतं. रानवारांच्या गावी हे दिवसातून अनेकदा होणार. एन्ड्युरन्स कार्ड घेतलं म्हणून वीज जाण्याचं संकट टळत नाही, हेही सांगतो. त्यासाठी कॅमेरा आणि राउटर दोघांना छोटा यूपीएस लावा. १२ व्होल्टचे मिनी यूपीएस राउटरसाठी सर्रास मिळतात, कॅमेऱ्याचा अॅडॉप्टर किती व्होल्टचा आहे ते बघून घ्यायचं. मला विचाराल तर कार्डाच्या आधी यूपीएसवर खर्च करा.

तिसरं कारण उष्णता.

वऱ्हाडी_ऊन
उष्णतेचं आम्हाले विचारा! चंद्रपूरले मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते. पश्चिमेची भिंत अशी तापते बाप्पा, का हात ठेवता येत नाही. कार्डाच्या पाकिटावर उणे २५ ते ८५ अंश लिहून राहते, पण कॅमेऱ्याच्या डब्यावर बघा, तिथं बहुतेक ४० नाहीतर ५० पर्यंतच असते. बंद डबा, आत चिप गरम, बाहेर ऊन. आमच्याकडं पश्चिमेचा कॅमेरा उचलून उत्तरेच्या छज्जाखाली नेला आन् कार्डाची कटकट थांबली. कार्ड तेच, जागा बदलली.

रानवारा
@वऱ्हाडी_ऊन, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. पडवीवर कौलं आहेत, ऊन येत नाही. मागच्या दाराचा पश्चिमेला आहे, तो आता गोठ्याच्या वळचणीखाली घेऊ.

@वायरमन, तासांचे आकडे कसे वाचायचे?

अंकगणित
मी सांगतो. वर्षाचे तास ८,७६०. सॅमसंगच्या २०२२ सालच्या प्रो एन्ड्युरन्स मालिकेत १२८ जीबीच्या कार्डाला ७०,०८० तास दिलेत, म्हणजे बरोबर आठ वर्षं. २५६ जीबीला १,४०,१६० तास, सोळा वर्षं. सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्सला २५६ जीबीसाठी २०,००० तास आहेत, आणि त्यांच्याच मॅक्स एन्ड्युरन्सला त्याच आकारात १,२०,०००. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत सहापट फरक! तेव्हा 'एन्ड्युरन्स' एवढा एक शब्द वाचून पैसे देऊ नका, तास वाचा.

आणखी एक. सॅमसंगचे तास सेकंदाला २६ मेगाबिट लिहिणाऱ्या व्हिडिओवर काढलेले आहेत. तुमचा कॅमेरा लिहितो २. म्हणून २०,००० तासांचं कार्डसुद्धा घरगुती कॅमेऱ्याला भरपूर झालं. सगळ्यात महाग मालिका तुम्हाला लागणार नाही.

शिवनेरीचा_वारा
जुन्नरहून. आमच्याकडे कॅमेरा चोरासाठी कमी आणि बिबट्यासाठी जास्त. उसाच्या कडेला घर आहे. पहाटे दार उघडायच्या आधी आई मोबाइलवर अंगण बघते, मगच कडी काढते. हे सुरू झाल्यापासून आमच्या घरात सगळ्यांना धीर आलाय.

एक अनुभव: हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवलं होतं तेव्हा बिबट्या कुंपणावरून उतरून निघून गेल्यावर रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, शेवटी नुसतं शेपूट दिसायचं. म्हणून आम्हीही चोवीस तासांवर आलो.

कोल्हापुरी_मिसळ
शेपटावरनं बिबट्या ओळखणारी आई म्हंजे नाद खुळा!

मोगरा
आमच्याकडे उलटा त्रास. रात्री कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल, आणि कोळी भिंगावरच जाळं विणतो. जाळं हललं की हालचालीची सूचना! रात्रभर फोन किणकिणतो आणि कार्ड कोळ्याच्याच चित्रणाने भरतं. उपाय आहे का?

वायरमन
@मोगरा, मऊ कुंचल्याने आठवड्यातून एकदा झाडा. कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे बंद करून, थोड्या अंतरावर वेगळा दिवा लावता आला तर सगळ्यात उत्तम, किडे तिकडे जातात. सूचनेचा भाग अॅपमध्ये आखून फक्त फाटकापुरता ठेवा.

ओटीवरचा_कंदील
रानवारा, मी गुहागरकडची. कार्ड कुठून घेता याला फार जपा. बनावट कार्डं सर्रास मिळतात. पाकीट हुबेहूब, वर १२८ लिहिलेलं, आत जागा कधी ८ कधी १६ जीबीची. कार्डाच्या कंट्रोलरलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं, त्यामुळे संगणकावरही १२८ च दिसतं. खरी जागा संपली की नवं लिहिलेलं हवेत जातं. कॅमेऱ्यात हे ध्यानातही येत नाही, कारण रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालूच असतो.

कार्ड आणलं की आधी तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३. दोन्ही फुकट. पूर्ण कार्ड भरतात आणि लिहिलेलं तसंच परत वाचता येतं का ते पडताळतात. १२८ जीबीला दोन-तीन तास जातात, संगणक चालू ठेवून स्वयंपाकाला लागायचं. ११९ जीबीच्या आसपास जागा दिसली तर दचकू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून तो फरक. तेवढ्यावरून कार्ड खोटं ठरत नाही.

निवांत
+१. तपासून झालं की कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, संगणकावर नको. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, ती फॅट३२ या फाइली ठेवण्याच्या मांडणीत येतात. त्यावरची एसडीएक्ससी, ती एक्सफॅटमध्ये. काही कॅमेऱ्यांना एक्सफॅट वाचता येत नाही, पण स्वतः फॉरमॅट केलं की त्यांना हवं तसं करून घेतात. आणि डब्यावर 'कमाल अमुक जीबी' लिहिलेलं असतं, ते २५६ चं कार्ड घ्यायच्या आधी बघा.

फाळणी_बारा
सगळे कार्डावर बोलताय, पण चोर कॅमेराच उपटून नेईल तेव्हा? पुरावा त्याच्याच खिशात गेला. माझं ठाम मत आहे की पाळतीचं रेकॉर्डिंग घराच्या आत, कुलपात हवं. एनव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी घ्या, त्यात पाळतीसाठी बनवलेली हार्ड डिस्क टाका, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. दोन कॅमेऱ्यांचे रोज ४३ जीबी धरले तर १ टीबीत तेवीस दिवस राहतात. कार्डाची भानगडच नको.

वायरमन
फाळणी_बारा यांचं तत्त्व पटतं. बंगला, दुकान, सोसायटी असेल तर मीही तेच सुचवतो. पण गावच्या घरात दोन कॅमेऱ्यांसाठी एनव्हीआर, डिस्क, वायरिंग आणि मोठा यूपीएस हे सगळं ज्येष्ठांच्या गळ्यात बांधायचं का, हेही बघायला हवं. मधला मार्ग आहे. कार्डावर चोवीस तास रेकॉर्डिंग, कॅमेरा हाताला सहज लागणार नाही एवढा उंच, आणि हालचालीचा फोटो सूचनेबरोबर तुमच्या मोबाइलवर. फोटोला इंटरनेट अगदी कमी लागतं. कॅमेरा गेला तरी चेहरा तुमच्याकडे राहतो. दोन कॅमेरे एकमेकांना दिसतील असे लावता आले तर सोन्याहून पिवळं.

काळा_कोट
पुराव्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो, वकिली करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलीवरून काढलेला तिची ओळख पटवणारा आकडा, नोंदवायचं असतं. पूर्वी हेच काम जुन्या कायद्याच्या कलम ६५ब खाली चालायचं. तिथे प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला ज्या खटल्यात ठामपणे सांगितलं, तो आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीचा, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, हेही त्याच निकालात आहे.

घरच्यांनी लक्षात ठेवायचं ते एवढंच: घटना घडली की आधी कॅमेऱ्याची वीज बंद करा, मग कार्ड काढा. चालू राहिला तर सहा दिवसांत पुरावा पुसला जाईल. कार्ड संगणकात घालून फाइली इकडेतिकडे करू नका, फॉरमॅट तर मुळीच नको. पोलिसांना देताना पंचनाम्यात कार्डाची नोंद होते ना ते बघा. म्हणून घरात एक कोरं कार्ड कायम ठेवा, पुढच्या रात्रीसाठी.

सुपारी_फूल
काळा_कोट, हे फार उपयोगी. कोऱ्या कार्डाचा मुद्दा पटला, उद्याच घेते. आणि वायरमन, चोवीस तासांसाठी तुमचं म्हणणं मान्य. पण फक्त हालचालीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला चांगल्या कंपनीचं साधं कार्ड पुरतं, यावर मी कायम.

वायरमन
त्याला माझाही विरोध नाही ताई.

सांगली_ते_जर्सी
आमच्या सांगलीच्या घरी आई एकटी असते. मी न्यू जर्सीत बसून कार्डावरचं रेकॉर्डिंग बघतो. ते बघताना आपला वेग नाही, घरातलं अपलोड महत्त्वाचं, ते मंद असेल तर चित्र अडकतं. मी एक नियम केलाय: महिन्याच्या पहिल्या रविवारी तीन दिवसांपूर्वीचं कुठलंही पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग उघडून बघायचं. 'लाइव्ह' दिसतंय म्हणजे कार्ड जिवंत आहे असं नसतं. आमच्या गल्लीतल्या एका घरी चोरी झाली तेव्हा कळलं की त्यांचं रेकॉर्डिंग पावसाळ्यातच थांबलं होतं, लाइव्ह मात्र रोज दिसायचं.

आणि आईला विचारूनच कॅमेरे बाहेर लावलेत. घरात एकही नाही. तिचा तो अधिकार आहे.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाशी बोलले. १२८ जीबीची एन्ड्युरन्स कार्डं तीन घेतोय, दोन कॅमेऱ्यांना आणि एक कोरं देवघराच्या फळीवर. महागडी मालिका नको असं ठरलं, त्यातून वाचलेल्या पैशात यूपीएस येतो. तिन्ही कार्डं पुण्यातच तपासून नेणार. रेकॉर्डिंग बघायची जबाबदारी भावाकडे दिलीय. बाबांनी एकच विचारलं, गोठ्यातली गाय रात्री दिसेल का? दिसेल म्हटल्यावर लगेच तयार झाले.

डबल_डेकर
उशिरा आलो. याच धाग्यात विचारतो, गाडीतल्या डॅशकॅमला हेच कार्ड चालेल का? नवीन धागा काढू?

वायरमन
नवीन धागा नको, छोटं उत्तर आहे. चालेल, पण तिथे एन्ड्युरन्सला पर्याय नाही. डॅशकॅम घरगुती कॅमेऱ्याच्या कितीतरी पट डेटा लिहितो, आणि उन्हात उभ्या गाडीची काच तापते ती वेगळीच. ४के असेल तर यू३ किंवा व्ही३० चिन्हही बघा, तिथे वेग खरंच लागतो. धडक झाली की लॉक होणाऱ्या फाइली पुसल्या जात नाहीत, खड्ड्यांमुळे त्या भराभर साचतात. अधूनमधून उतरवून घ्या आणि कार्ड डॅशकॅममध्येच फॉरमॅट करा.